ओव्हीए इम्पोर्ट झाला, पण व्हीएम उठत नाही: फाइल बिघडली की ड्रायव्हर नाही, हे आधी ठरवा

साताऱ्यातल्या एका पतसंस्थेचं कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या गृहस्थांनी विचारलंय. प्रश्न थोडक्यात असा: जुन्या सर्व्हरवर ईएसएक्सआय ६.७ (व्हीएम चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) आहे आणि त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ ची एक व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरमधला आभासी कॉम्प्युटर. डिस्क ५०० जीबीची, आत भरलेला डेटा साधारण ११० जीबी. नव्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स, म्हणजे तेच काम करणारं दुसरं सॉफ्टवेअर, टाकलंय. ओव्हीए (अख्खी व्हीएम बांधून ठेवणारी एक फाइल) एक्स्पोर्ट दोनदा मधेच तुटला, तिसऱ्यांदा पूर्ण झाला. इम्पोर्ट करताना चेकसम, म्हणजे फाइल शाबूत आहे का ते ताडायचा आकडा, जुळत नाही म्हणून एरर आला. कुणीतरी सुचवलं म्हणून त्यांनी मॅनिफेस्ट, म्हणजे हे आकडे लिहिलेली फाइल, काढून टाकली, मग इम्पोर्ट झाला, डिस्क क्यूकाऊ-टू या प्रॉक्समॉक्सच्या डिस्क-फाइलीच्या प्रकारात कन्व्हर्टही झाली. पण व्हीएम चालू केली की निळी स्क्रीन येते, ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. ते विचारतात, “फाइल करप्ट झाली का? सगळं पुन्हा एक्स्पोर्ट करू का? सोमवारी काउंटर उघडायचंय.”

आधी तातडीचं. पुन्हा एक्स्पोर्ट करायला इतक्यात बसू नका. आणि जुन्या सर्व्हरवरची मूळ व्हीएम डिलीट करू नका, तिच्यावर कसला प्रयोगही करू नका. ती तशीच असली तर तुमचं अजून काहीही गेलेलं नाही. सोमवारी वेळच आली तर तीच चालू करून काउंटर उघडता येईल.

मी सांगलीत राहतो आणि पतसंस्था, मिरजेतली हॉस्पिटलं, कुपवाड एमआयडीसीतले कारखाने यांचे सर्व्हर बघतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर घेतलं, त्यानंतर कायमची लायसन्स विकणं बंद झालं, आणि तेव्हापासून छोट्या संस्थांची ही शिफ्टिंगची कामं माझ्याकडे सतत येतायत. त्यात बहुतेक वेळा माणसं इथेच अडकतात. एक्स्पोर्टची अडचण आणि बूटची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण पाठोपाठ येतात म्हणून एकच वाटतात. तुमच्याकडेही तेच झालंय. चेकसम जुळला नाही ही पहिली अडचण. निळी स्क्रीन ही दुसरी. दुसरी पहिलीमुळे आली असेलच असं नाही, आणि माझा अंदाज विचाराल तर तसं झालेलं नाही. पण मॅनिफेस्ट काढून टाकल्यामुळे आत्ता तुमच्या हाताशी खात्री करायला काही नाही. लोकांच्या ठेवींचा हिशेब ज्या डिस्कवर आहे ती माझ्या अंदाजावर चालवायची नाही.

हळदीच्या पेठेत एका पोत्यातला माल दुसऱ्या पोत्यात ओततात, तेव्हा पोतं बदलतं, हळद तीच राहते. व्हीएमडीकेचं, म्हणजे व्हीएमवेअरच्या डिस्क-फाइलीचं, क्यूकाऊ-टू करणं म्हणजे एवढंच. डिस्कवरचा प्रत्येक ब्लॉक जसाच्या तसा नव्या वेष्टनात जातो. आतल्या विंडोजला आपण कुठून कुठे आलो याचा पत्ता नसतो. ते उठतं आणि जुन्या ठिकाणचा डिस्क कंट्रोलर, म्हणजे ज्याच्यामार्फत डिस्क जोडलेली असते तो भाग, शोधायला लागतं. म्हणून तपासही दोन टप्प्यांत करायचा: ओतताना माल सांडला का, हे आधी. नव्या जागी तो चालतो का, हे नंतर.

सांडला का ते बघायला मॅनिफेस्टच लागतं. ओव्हीए म्हणजे साधी टार फाइल, अनेक फाइलींचं एकत्र गाठोडं असते, वेगळं काही नाही. तिच्यात पहिली असते ओव्हीएफ, म्हणजे व्हीएमचं वर्णन, किती मेमरी, कुठला कंट्रोलर वगैरे. मग एक किंवा जास्त व्हीएमडीके. आणि मॅनिफेस्ट, जिच्यात प्रत्येक फाइलच्या नावापुढे तिचा शा-१ किंवा शा-२५६ हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघालेला चेकसम, लिहिलेला असतो. तुम्ही मॅनिफेस्ट काढलीत ती बहुधा ओव्हीए उलगडून काढलीत, म्हणजे मूळ ओव्हीए अजून कुठेतरी असणार. ती शोधा. प्रॉक्समॉक्सच्या शेलवर टारनं तिची यादी काढा. यादी नीट शेवटपर्यंत आली तर ठीक, आणि ‘अनएक्स्पेक्टेड एंड’ असं काही म्हणाली तर फाइल अर्धवट आहे, तिथेच निकाल लागला. यादी नीट आली तर वेगळ्या फोल्डरमध्ये उलगडा, मॅनिफेस्ट साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि प्रत्येक फाइलवर शा-२५६-समची कमांड चालवा. मॅनिफेस्टमध्ये शा-१ लिहिलेलं असेल तर शा-१-समची. विंडोजवर करायचं असेल तर सर्टयुटिलमध्ये हॅशफाइलचा पर्याय आहे. साठ-सत्तर जीबीच्या फाइलला वेळ लागेल, लागू द्या.

आता निकाल वाचायचा कसा? ‘चेकसम जुळत नाही’ हा एरर सगळ्या पॅकेजवर बोट ठेवतो, पण कुठली फाइल जुळत नाही यावर पुढचं सगळं ठरतं. व्हीएमडीके जुळली आणि फक्त ओव्हीएफ जुळली नाही, तर घाबरायचं काहीच कारण नाही. ओव्हीएफ कुणीतरी उघडून सेव्ह केलेली असते. हार्डवेअर व्हर्जनचा आकडा बदललेला असतो, कंट्रोलरचं नाव बदललेलं असतं, नाहीतर नुसतीच नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह केल्यामुळे ओळींचे शेवट बदललेले असतात. एक अक्षर हललं की हॅश पूर्ण बदलतो. कधीकधी फाइलचं नाव बदललेलं असतं आणि मॅनिफेस्टमध्ये जुनंच नाव असतं. काही जुन्या साधनांना शा-२५६ वाचताच येत नाही, तिथे फाइल धडधाकट असूनही तक्रार येते. या सगळ्या प्रकारांत मॅनिफेस्ट बाजूला ठेवून इम्पोर्ट करणं रास्त आहे, कारण डिस्क शाबूत असल्याचं तुम्ही स्वतः पाहिलेलं असतं. पण व्हीएमडीकेचाच हॅश जुळत नसेल, तर ती फाइल टाकून द्या. दुरुस्त करत बसू नका.

माझा अंदाज तुमची फाइल शाबूत असण्याकडे का झुकतो, तेही सांगतो. ओव्हीएमधली व्हीएमडीके ‘स्ट्रीम-ऑप्टिमाइज्ड’ प्रकारची असते. डिस्कचे ६४ केबीचे तुकडे करून प्रत्येक तुकडा दाबून ठेवलेला असतो आणि कुठला तुकडा कुठे आहे याची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते. म्हणून फाइल शेवटी कापली गेली तर ती सहसा उघडतच नाही. मधला तुकडा खराब झाला तर तो उलगडताना कन्व्हर्ट बहुधा एरर देऊन थांबतं. तुमचं कन्व्हर्ट विनातक्रार पूर्ण झालं, ही चांगली खूण आहे. खूणच, पुरावा नाही. हॅश बघाच.

हे मी इतकं धरून का बसलोय त्याला कारण आहे. ऑगस्ट २०१९ चा पूर. आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं. मारुती चौकाजवळच्या एका संस्थेचा सर्व्हर तळमजल्यावर होता. गटारातून पाणी वर यायला लागलं तेव्हा लाइट गेलेली, यूपीएसची शिट्टी चालू, आणि हाताशी एक पोर्टेबल डिस्क. ठरलं असं, की व्हीएम बंद करायची, फाइली डिस्कवर घ्यायच्या, मग सर्व्हर वरच्या मजल्यावर. मी फोनवर सांगत होतो, तिथला मुलगा विनएससीपीनं फाइली ओढत होता. “दादा, झाल्या सगळ्या, एक तेवढी जात नव्हती, ती सोडली,” तो म्हणाला. मी पाण्याच्या गडबडीत विचारलं नाही, कुठली. आठवड्यानं डिस्क उघडली तर व्हीएमडीके एक केबीची. ईएसएक्सआयवर डिस्कच्या दोन फाइली असतात. एक छोटी टेक्स्ट फाइल, जिच्यात फक्त वर्णन असतं, आणि दुसरी नावात ‘फ्लॅट’ असलेली, जिच्यात खरा डेटा असतो. पोर्टेबल डिस्क फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेली होती आणि तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. म्हणजे जी ‘जात नव्हती’ तीच सगळी संस्था होती. सर्व्हर चौघांनी उचलून जिन्यानं वर नेला म्हणून सगळं वाचलं, आमच्या कॉपीमुळे नाही. त्या दिवसापासून कॉपीच्या दोन्ही टोकांचा आकार आणि हॅश वहीत लिहिल्याशिवाय मी कुणालाही ‘झालं’ म्हणू देत नाही. तुमच्या फाइली एखाद्या पोर्टेबल डिस्कवरून फिरल्या असतील तर ती एक्सफॅट किंवा एनटीएफएस आहे ना, तेवढं बघून घ्या.

समजा व्हीएमडीकेचा हॅश जुळला नाही आणि पुन्हा एक्स्पोर्ट करावाच लागला. तर दोनदा तो मधेच का तुटला हे आधी शोधा, नाहीतर चौथ्यांदाही तुटेल. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. ब्राउझरमधून एक्स्पोर्ट करत असाल तर सर्वांत आधी संशय त्याच्यावर. लॉगिनचं सेशन संपतं, लॅपटॉप झोपतो, वायफाय क्षणभर सुटतं, आणि ब्राउझर अर्धी फाइलसुद्धा पूर्ण झाल्यासारखी दाखवतो. त्यातून ईएसएक्सआयच्या वेब पानावरून ओव्हीएफ आणि डिस्क अशा वेगवेगळ्या फाइली डाउनलोड होतात, आणि ब्राउझर ‘एकापेक्षा जास्त डाउनलोड’ अडवून त्यातली एकच घेतो. मी हे काम व्हीएमवेअरच्याच ओव्हीएफटूलनं करतो, कमांड लाइनवरून, केबल लावलेल्या आणि यूपीएसवर असलेल्या मशीनवरून. ते तुटलं तर तुटलं म्हणून स्पष्ट सांगतं.

एक्स्पोर्टच्या आधी विंडोज नीट शटडाऊन करायचं, सस्पेंड नाही. व्हर्च्युअल सीडी ड्राइव्हमध्ये एखादी आयएसओ (सीडीची फाइल) अडकलेली असेल तर काढायची, कारण ती फाइल आता सापडत नसेल तर एक्स्पोर्ट तिथेच कोलमडतो. जिथे फाइल उतरवताय तिथे जागा मोजायची. लोक फक्त ओव्हीएची जागा धरतात. पण ओव्हीए ७० जीबीचा असेल तर उलगडल्यावर आणखी ७०, आणि क्यूकाऊ-टू झाल्यावर वर आणखी ११० किंवा जास्त. जास्त अशासाठी, की विंडोजमध्ये डिलीट केलेल्या फाइलींचे ब्लॉक डिस्कवर तसेच असतात आणि तेही सोबत येतात.

त्यावर उपाय म्हणून रिकामी जागा शून्यांनी भरायला एसडिलीट चालवा असा सल्ला सगळीकडे मिळतो. सल्ला चुकीचा नाही, पण तुमच्यासारख्या ठिकाणी धोक्याचा आहे. डिस्क थिन असेल, म्हणजे ५०० पैकी वापरली तेवढीच जागा घेणारी, तर शून्यं लिहिली की ती फुगून पूर्ण ५०० होते. डेटास्टोअरवर, म्हणजे व्हीएमच्या फाइली असतात त्या साठ्यावर, तेवढी जागा नसेल तर डेटास्टोअर भरतो आणि चालू व्हीएम जागच्या जागी थांबते. जुन्या सर्व्हरवर हा खेळ नको. थोडी जास्त जागा गेली तर जाऊ द्या.

स्नॅपशॉटचं (व्हीएमची एका क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) मात्र नीट बघा. मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबची व्हीएम दुसऱ्या कुणीतरी हलवली होती. नव्या सर्व्हरवर ती छान उठली, पण रिपोर्टच्या यादीत शेवटची तारीख आठ महिन्यांपूर्वीची. लॅबच्या मॅडमना वाटलं डेटा गेला. झालं होतं असं, की बॅकअपच्या सॉफ्टवेअरनं कधीतरी घेतलेला स्नॅपशॉट तसाच राहिला होता. त्या दिवसापासूनचं सगळं लिखाण नावात सहा आकडी क्रमांक असलेल्या वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये जात होतं, आणि हलवणाऱ्यानं फक्त मूळ डिस्कची फाइल उचलली. सुदैवानं जुना सर्व्हर पुसलेला नव्हता. मी तिथे स्नॅपशॉट आधी एकत्र करून घेतला, त्याला रात्र गेली, आणि मग एक्स्पोर्ट केला. ओव्हीएफटूलनं किंवा वेब पानावरून रीतसर एक्स्पोर्ट केलात तर चालू स्थितीच बाहेर येते, हा धोका थेट फाइली कॉपी करणाऱ्यांना आहे. तरीही डेटास्टोअरमध्ये जाऊन असे आकडे असलेल्या फाइली आहेत का ते बघा. असतील तर आधी डेटाबेसचा बॅकअप घ्या, मग स्नॅपशॉट एकत्र करा, मग एक्स्पोर्ट. आणि मधल्या काळात मूळ डिस्क दुसऱ्या कुठल्याही व्हीएमला जोडून उघडू नका. मूळ फाइलमध्ये एक बाइट जरी लिहिला गेला तरी डेल्टा आणि मूळ यांची जोडी तुटते.

इथवर पहिली अडचण. व्हीएमडीके शाबूत आहे असं धरून पुढे जाऊ.

जी क्यूकाऊ-टू तुम्ही एकदा चालू केलीत ती बाजूला ठेवा आणि त्याच व्हीएमडीकेवरून नवी कन्व्हर्ट करा. क्यूईएमयू-आयएमजी या डिस्क कन्व्हर्ट करणाऱ्या टूलचा इन्फो बघा. व्हर्च्युअल साइझ ५०० जीबी दिसली पाहिजे, काही एमबी दिसली तर तुम्ही वर्णनाची फाइल दिलीय. कन्व्हर्ट करताना मूळ प्रकार व्हीएमडीके आहे हे स्पष्ट सांगा, त्याला ओळखायला लावू नका. आणि झाल्यावर, व्हीएम पहिल्यांदा चालू करण्याच्या आधी, त्याच टूलची कम्पेअर ही कमांड चालवा. ती दोन्ही डिस्कचा आतला मजकूर ताडून बघते आणि शेवटी ‘इमेजेस आर आयडेंटिकल’ एवढी एक ओळ देते. फार थोडे लोक ही वापरतात आणि मला तिचं फार अप्रूप आहे. ही ओळ आली की पुढे जे काही बिघडेल त्यात डिस्कचा दोष नाही, हे ठामपणे सांगता येतं.

आता निळी स्क्रीन. कोड ‘७बी’ असतो. विंडोज सुरू व्हायला लागतं, पहिले काही घटक बूट लोडर वाचून देतो, आणि मग विंडोजला स्वतःच्या ड्रायव्हरनं डिस्क वाचायची असते. तुमची व्हीएम बहुधा एलएसआय लॉजिक सॅस कंट्रोलरवर होती. प्रॉक्समॉक्समध्ये तुम्ही डिस्क व्हर्टआयओ या आभासी कंट्रोलरवर जोडली असणार, कारण सगळीकडे ‘वेगवान’ म्हणून तेच सुचवतात. त्याचा ड्रायव्हर २०१२ आर२ मध्ये नसतोच. दार आहे, किल्ली नाही. डेटा आत सुखरूप आहे, पण विंडोजला तिथवर पोचता येत नाही.

करायचं असं. प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएम बंद असताना हार्डवेअरमध्ये जाऊन डिस्क डिटॅच करा. ती ‘अनयूज्ड’ म्हणून दिसेल. तिच्यावर डबल-क्लिक करून ‘बस’ (जोडणीचा प्रकार) साटा निवडा आणि जोडा. मग ऑप्शन्समध्ये बूट ऑर्डर उघडून या नव्या साटा डिस्कवर टिक करा. ही शेवटची पायरी हमखास राहते, आणि मग ‘नो बूटेबल डिव्हाइस’ येतं आणि माणूस समजतो की आता डिस्कही गेली. साटावर २०१२ आर२ बहुतेक वेळा उठतं. नाही उठलं तर आयडीई करून बघा. तरीही निळी स्क्रीन आली तर रिकव्हरीच्या मेन्यूतून सेफ मोडमध्ये एकदा उठवा, कारण सेफ मोडमध्ये विंडोज बंद करून ठेवलेले डिस्क ड्रायव्हरही चाचपून बघतं. एकदा तिथून उठलं की पुढच्या वेळी सरळ उठतं.

उठल्यावर लगेच आनंदानं काउंटर सुरू करू नका, आणि लगेच व्हर्टआयओकडेही वळू नका. व्हर्टआयओ हवंच असेल तर एक जीबीची रिकामी दुसरी डिस्क जोडा, पण त्याच प्रकारची, ज्यावर पुढे मुख्य डिस्क न्यायची आहे. व्हर्टआयओ स्कझी आणि व्हर्टआयओ ब्लॉक यांचे ड्रायव्हर वेगळे आहेत, एकाचा टाकून दुसऱ्यावर डिस्क हलवली तर पुन्हा तीच निळी स्क्रीन. मग व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ सीडीत लावून डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर टाका. २०१२ आर२ ला जुन्या आवृत्तीची आयएसओ लागते, अगदी नव्या आयएसओमध्ये इतक्या जुन्या विंडोजला आधार नसतो. छोटी डिस्क डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसली की ड्रायव्हर बसला असं समजा, शटडाऊन करा, छोटी डिस्क काढा आणि मुख्य डिस्क साटावरून तिथे हलवा. बूट ऑर्डर पुन्हा बघा. डेटाची डी ड्राइव्ह वेगळ्या डिस्कवर असेल तर ती कधीकधी गायब झालेली दिसते. ती ऑफलाइन गेलेली असते, डिस्क मॅनेजमेंटमध्ये राइट-क्लिक करून ऑनलाइन केली की परत येते.

निळी स्क्रीन न येता काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइसच मिळत नाही असं म्हणत असेल, तर प्रश्न ड्रायव्हरचा नाही, बायोस आणि यूईएफआय या बूट होण्याच्या दोन पद्धतींचा आहे. जुनी व्हीएम ज्यावर होती तेच नव्या ठिकाणी निवडायचं. तुमच्याकडे विंडोज निळ्या स्क्रीनपर्यंत पोचतंय, म्हणजे हे बरोबर निवडलं गेलंय.

उठल्यानंतर पतसंस्थेत लगेच अडतं ते नेटवर्कवर. नेटवर्क कार्ड नवं असतं म्हणून जुना स्थिर आयपी त्याला लागलेला नसतो, आणि तोच आयपी द्यायला गेलात तर विंडोज म्हणतं, हा पत्ता दुसऱ्या कार्डाकडे आहे. ते दुसरं कार्ड म्हणजे जुन्या सर्व्हरचं, आता अदृश्य झालेलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली डिव्हाइस दाखवायला लावून ते अनइन्स्टॉल करा. आयपी, गेटवे, डीएनएस हे सगळं मूळ व्हीएममधून आधीच कागदावर उतरवून घ्या. पुन्हा एक्स्पोर्ट करायची वेळ आलीच तर त्याआधी व्हीएमवेअर टूल्सही काढून टाका, दुसऱ्या ठिकाणी गेल्यावर ते अनइन्स्टॉल व्हायला फार त्रास देतात.

घड्याळही बघा. व्हीएम बनवताना ओएसचा प्रकार विंडोज निवडला नसेल तर प्रॉक्समॉक्स तिला यूटीसी (ग्रीनिचची) वेळ देतं, विंडोज तीच इथली वेळ समजतं, आणि घड्याळ साडेपाच तास मागे पडतं. सकाळी साडेदहाला काउंटरवर पहिली पावती फाटते ती पहाटे पाचची. डोमेन असेल तर पाच मिनिटांच्या फरकालाच लॉगिन अडतं. ऑप्शन्समध्ये ओएस प्रकार दुरुस्त केला की हे सुटतं. विंडोजचं अ‍ॅक्टिव्हेशन आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स हार्डवेअर बदललं की पुन्हा मागू शकतं, तेव्हा त्या विक्रेत्याला शनिवारीच फोन करून ठेवा.

लिनक्सची व्हीएम असती तर गोष्ट हीच, नावं वेगळी. इनिट्रॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल) व्हर्टआयओ नसणं, एफएसटॅबमध्ये (डिस्कची यादी) यूयूआयडी या कायमच्या ओळखीऐवजी एसडीए हे बदलू शकणारं नाव लिहिलेलं असणं आणि नेटवर्क कार्डाचं नाव बदलणं, या तिघांत बहुतेक सगळं येतं.

ओव्हीएच्या वाटेनं जायलाच हवं का, हेही विचारात घ्या. प्रॉक्समॉक्स ८.२ पासून ईएसएक्सआय थेट स्टोरेज म्हणून जोडता येतं आणि तिथली व्हीएम वेब पानावरूनच इम्पोर्ट करता येते. मधे ओव्हीए नाही, मॅनिफेस्ट नाही, तिप्पट जागा नाही. दोन्ही सर्व्हर एकाच स्विचवर असतील तर मी आज हाच मार्ग घेईन. फक्त त्यातला ‘लाइव्ह इम्पोर्ट’, म्हणजे डिस्क येता येताच व्हीएम चालू करायची सोय, पतसंस्थेच्या डेटाबेससाठी वापरू नका. मधे नेटवर्क तुटलं तर त्या वेळात झालेल्या नोंदी जातात. आणि २०१२ आर२ ला मायक्रोसॉफ्टचा आधार १० ऑक्टोबर २०२३ लाच संपलाय, त्यामुळे नव्या विंडोजवर डेटाबेस उभा करायचा विचार तुमच्या मनात आला असेल. तो करायलाच हवा, पण या आठवड्यात नाही. आधी आहे तसं हलवू द्या, चालू द्या. दोन बदल एकत्र केले की बिघाड कुठल्यामुळे झाला ते कळत नाही. डेटाबेसचा वेगळा बॅकअप मात्र आजच घ्या आणि तो सर्व्हरच्या बाहेर ठेवा, कारण व्हीएमचं काहीही झालं तरी त्यावरून संस्था उभी राहते.

म्हणजे तुमचा क्रम असा लागतो: मूळ ओव्हीए शोधून व्हीएमडीकेचा हॅश, तो जुळला तर नवं कन्व्हर्ट आणि कम्पेअर, मग साटावर बूट, मग नेटवर्क आणि घड्याळ. व्हर्टआयओ पुढच्या आठवड्यात.

आणि सोमवारबद्दल. नवी व्हीएम रविवारी संध्याकाळपर्यंत उठली, एका क्लार्कनं तिच्यावर दोन खोट्या नोंदी करून, पासबुक छापून, त्या उलटवून पाहिल्या, तर सोमवारी तिच्यावर जा. नाहीतर जुनीच चालू करा, त्यात कमीपणा नाही. पण दोन्ही एकाच वेळी नेटवर्कवर कधीही ठेवू नका. दोघींचं नाव एक, आयपी एक. काउंटरचं एक मशीन जुनीला धरेल, पिग्मी एजंटांचं कलेक्शन नवीत उतरेल, आणि संध्याकाळी दोन अर्धे दिवस हाती येतील जे जुळवता जुळवत नाहीत. हॅश जुळवण्यापेक्षा ते कितीतरी कठीण आहे, मी ते एका संस्थेत तीन दिवस पावत्या हातानं लावून केलंय. जुन्या व्हीएमचं नेटवर्क कार्ड ईएसएक्सआयमध्ये ‘कनेक्ट’वरची टिक काढून ठेवा, म्हणजे कुणी चुकून चालू केली तरी ती बाहेर बोलणार नाही.

आज रात्री एवढंच करा. मॅनिफेस्टमधली व्हीएमडीकेची ओळ आणि तुमच्या मशीनवर निघालेला हॅश, दोन्हींची पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं मला लिहून पाठवा. सोबत जुन्या व्हीएमचा कंट्रोलर कुठला होता ते, ओव्हीएफमध्ये ‘एलएसआय’ शोधलंत की सापडेल. त्यावरून उद्या सकाळी पुढचं सांगतो.